भोकांचा पुठ्ठा

माय,

काल अण्णांनी माझ्या मुलीसमोर तुला चोर म्हटलं. मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत कार्यक्रम आहे आणि तिला छातीवर बारीक चुण्या आणि चुण्यांवर भरतकाम असलेला फ्रॉक हवा आहे. तसा फ्रॉक तिनं फोनवर कुठंतरी बघितला. मी त्याचा पॅटर्न शोधत होते. आता शोधायला उंबऱ्याबाहेर जावं लागत नाही, माय. फोनवर शब्द टाकला की शेकडो निघतात, वयाप्रमाणे, मापाप्रमाणे, फुकट. एक मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. तो बरोबर एक इंच भरला तरच बाकीची मापं खरी. पट्टी लावली तर चौकोन पाऊण इंच भरला. कागदावर मावावं म्हणून त्या माणसानं सगळंच आखडून छापलं होतं. मी कागद बाजूला ठेवला आणि पोळ्या करायला उठले. बाहेर मुलीनं अण्णांना विचारलं, “आजोबा, आजी असलेच फ्रॉक बनवायची ना?”

“शिवे ना,” अण्णा म्हणाले. “पन चोट्टी व्हती तुन्ही आजी.”

“चोट्टी एटले?” ती शेजारच्या पोरींसारखी गुजरातीतच विचारते.

“चोट्टी म्हंजे चोर.”

“साची?”

“मंग काय खोटी?”

मी चार पावलांवर होते. लाटणं हातात होतं. तव्यावरची पोळी काळी झाली, तिचा धूर बाहेर गेला, अण्णा खोकले आणि विषय संपला. मी काही बोलले नाही. तीस वर्षं बोलले नाही, त्यात कालचा एक दिवस वाढला.

चोरी मी केली होती. हे तुला माहीत आहे, तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी मी ते कधी तोंडानं म्हटलं नाही, तुझ्यापुढेही नाही. तू जाऊन बावीस वर्षं झाली. आज लिहून बघते.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आपण बमरोलीला राहत होतो. खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. दिवसभर भिंत हादरायची, फळीवरची भांडी हळूहळू काठाकडे सरकायची आणि तू येता-जाता ती मागं ढकलायचीस. आपल्या घरात कुणी हळू बोलत नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. मारायचंही तसंच. आधी रागावणं, डोळे वटारणं, बोट दाखवणं असं काही नव्हतं. हात यायचा. मला तो वाईट वाटायचा नाही, तेव्हा तरी. लूमवर दोरा तुटला की लूम थांबतो, तसा तो यायचा आणि पुढं काम सुरू व्हायचं.

नानपुऱ्यात एका पारशी बाईचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिथलं काज-बटणाचं काम तू घरी आणायचीस. एकदा आपण तयार कपडे द्यायला गेलो तर दुकानात बाईची नात होती, मुंबईहून आलेली, पाच वर्षांची. तिच्या अंगात तो फ्रॉक होता. फिक्या पिवळ्या रंगाचा, छातीवर शेकडो चुण्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि त्यांच्यावर रेशमाचे आडवे टाके. तू कपड्यांचं गाठोडं हातातच धरून बघत राहिलीस. बाई म्हणाली, “आवुं सुरतमां कोई बनावे तो मारे मुंबई सुधी लांबुं ना थवुं पडे.”

“मने आवडे,” मला येतं, असं तू म्हणालीस. तुला येत नव्हतं. तू असलं काम त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतीस.

“तने?” बाई हसली. “काज तो सीधां नथी करती, गांडी.” वेडी म्हणाली ती तुला. मग तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “पच्चीस दिवसमां एक करी लाव. सारुं थाय तो आखी सीझन तारी. पण फ्रॉक लई जवा नहीं दऊं. जोई ले, जेटलुं जोवुं होय एटलुं.”

फ्रॉक घरी न्यायचा नव्हता, बघायचं ते तिथंच. तू त्या पोरीपुढं गुडघे टेकलेस आणि चुण्या मोजायला लागलीस. एका रांगेत किती, दोन ठिपक्यांत अंतर किती, टाका कुठल्या चुणीवरून उचललाय. पोरीला गुदगुल्या होत होत्या, ती वळवळत होती. तू तिचा दंड धरलास. ती पुन्हा हलली, तुझं मोजणं चुकलं, आणि तू तो दंड आवळलास, माझा आवळायचीस तसा. पोरगी किंचाळली. तिच्या गोऱ्या दंडावर तुझी चार बोटं उमटली, पाचवं मागच्या बाजूला.

“हाथ छोड! जंगली!” बाईनं कापड मोजायचा गज उचलला होता. तू उठलीस, पण तुझे ओठ हलत होते. तू आकडे विसरू देत नव्हतीस. दुकानाच्या पायरीवरून बाई ओरडली, “पच्चीस दिवस! पछी मोढुं ना बतावती!” रस्त्यात तू मला म्हणालीस, “एकशेचाळीस ध्यानमां ठेव. बाकीनं मी ठेवस.” मी घर येईपर्यंत एकशेचाळीस, एकशेचाळीस म्हणत चालले.

मग तू पॅटर्न शोधायला लागलीस. शिवणक्लासवाल्या बाईकडे गेलीस. तिनं खाकी कागदावरची कापलेली मापं तुझ्यासमोर गुंडाळून कपाटात ठेवली आणि सांगितलं की फी भर, सहा महिने शीक, सहाव्या महिन्यात हे येतं. तू भागळच्या रद्दीवाल्याकडे गेलीस, परदेशी मासिकांचा ढीग उपसलास आणि एकात घडी घातलेला मोठा कागद सापडला तर तो पोटाशी धरून आणलास. घरी उघडला. त्यावर सगळ्या वयाच्या मुलींचे सगळे फ्रॉक एकावर एक काढलेले होते, अखंड रेघा, तुटक रेघा, ठिपक्यांच्या रेघा, आणि अक्षरं इंग्रजी. तू एका रेघेवर बोट ठेवून निघायचीस आणि दुसरीवर जाऊन पोचायचीस. दोन दिवस तू त्या कागदावर बसून काढलेस. तिसऱ्या दिवशी तो उभा फाडलास, मग आडवा, मग जेवढा फाटेल तेवढा.

फ्रॉकचा काप तू मग माझ्या फ्रॉकवरून काढलास. माझा दिवाळीचा फ्रॉक ब्लेडनं उसवून सगळे तुकडे जमिनीवर मांडलेस. मी रडले. तू ब्लेड तोंडात धरून म्हणालीस, “कापड मरस का? परत शिवसू.” तो फ्रॉक तू परत शिवला नाहीस. पण काप बरोबर आला.

ठिपके येत नव्हते. चुण्या एकसारख्या पडायला कापडाच्या उलट्या बाजूवर ठिपक्यांच्या रांगा लागतात, सगळ्या एका अंतरावर. त्या ठिपक्यांतून दोरा ओवायचा आणि ओढायचा. एक ठिपका तसूभर सरकला तर त्याच्या खालची सगळी रांग वाकडी. तू पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसायचीस, मी कापड ताणून धरायचे. भिंत हादरायची, पट्टी हादरायची. दोरा ओढला की चुण्या म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांसारख्या वेड्यावाकड्या उभ्या राहायच्या. “हात हालना तुन्हा,” तू म्हणायचीस, आणि तीच लाकडी पट्टी माझ्या बोटांवर यायची. “आते हालना तं तोडी टाकसू.” तीन तुकडे वाया गेले. माझी बोटं सुजली आणि मग खरंच हलायला लागली.

आपल्या खिडकीला काच नव्हती. तिथं अण्णांनी कारखान्यातले जुने पुठ्ठे लावले होते. जेकार्डच्या लूमला साडीची नक्षी पुठ्ठ्यांवरच्या भोकांतून कळते. एका पुठ्ठ्याला कापडाचा एक आडवा दोरा, असे शेकडो पुठ्ठे ओळीनं दोरीत बांधायचे आणि लूमवर चढवायचे. ते बांधायचं काम अण्णांचं. नक्षी जुनी झाली की पुठ्ठे रद्दीत जायचे आणि लोक ते चुलीत घालायचे, भिंतीला लावायचे. त्या दुपारी ऊन खिडकीतून आलं आणि मी धरलेल्या पांढऱ्या कापडावर उजेडाचे ठिपके पडले. सरळ रांगेत, एका अंतरावर. तू श्वास रोखलेला मी ऐकला, लूमच्या आवाजातसुद्धा. तू खडू घेऊन एकेका ठिपक्यावर खूण करायला लागलीस. अर्धी रांग झाली तेवढ्यात ठिपके सरकले होते. ऊन सरकतं, माय. तुला ते सुचलं नाही, मलाही नाही. तुला वाटलं, मी हलले. तू मला इतकं मारलंस की शेजारची बाई दाराशी येऊन म्हणाली, “मारी टाकशी का व पोरले?” मग तू थांबलीस, खिडकीकडे बघितलंस, कापडाकडे बघितलंस आणि हसायला लागलीस. मला जवळ ओढलंस आणि हसत राहिलीस. तुझ्या घामाचा वास आणि खडूची पूड. माझं नाक तुझ्या पोटात दाबलं गेलं होतं आणि मला श्वास घेता येत नव्हता, पण मी हलले नाही.

पुठ्ठा तू खिडकीतून काढलास आणि कापडावरच ठेवलास. चिंधी निळीत बुडवून भोकांवरून फिरवलीस. ठिपके उमटले. पण त्या पुठ्ठ्यावर कुठल्यातरी साडीचा मोर होता. मोर होता तिथं भोकं नव्हती. खिडकीतले सगळे पुठ्ठे तपासले. सगळ्यांत कुठं ना कुठं मोकळी जागा. तू मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, “एक भरेल पुठ्ठा पाह्यजे. आख्खा भरेल.” मला आण म्हणून सांगितलं नाहीस. पण ते म्हणताना भिंतीकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस.

अण्णांचा डबा कधी तू न्यायचीस, कधी मी. दुसऱ्या दिवशी मी नेला. अण्णा दोन लूमच्या मधल्या बोळात जमिनीवर बसून नव्या नक्षीचे पुठ्ठे बांधत होते. बांधलेल्यांची माळ एका बाजूला, बांधायच्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला. मला बघून त्यांनी दोरीला गाठ मारली, सुई डोक्याच्या फडक्यात खोचली आणि हात धुवायला नळावर गेले. ढिगाच्या सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर इकडून तिकडून भोकंच भोकं होती. एक बोट टेकायला जागा नव्हती. मी तो उचलला आणि झग्याच्या आत, पोटावर सपाट धरला. अण्णा आले, जेवले. मला भाकरीचा तुकडा देऊ लागले तर मी हात पुढं केला नाही, हात पोटावर होता. “पोट दुखस का?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

तू पुठ्ठा हातात घेतलास. “कोठून?” मी म्हटलं, रद्दीतून. रद्दीतले पुठ्ठे तेलकट असायचे, कडा काळ्या पडलेल्या. हा कोरा पिवळा होता आणि कोपऱ्यात पेन्सिलनं नंबर होता. तू नंबरावरून अंगठा फिरवलास. मग कापड अंथरलंस आणि पुठ्ठा त्यावर ठेवलास. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या चुण्या सरळ उभ्या राहिल्या. तू मला गूळ दिलास.

एक पुठ्ठा कमी झाला की काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. नक्षी जेवढ्या वेळा फिरून येते तेवढ्या वेळा कापडात एक आडवी रेघ उमटते, टाके घातलेल्या जखमेसारखी. त्या माळेवरून आणखी माळा उतरवून चार लूमवर ती नक्षी चढली होती. माल बाजारात गेला आणि आठव्या दिवशी सगळाच्या सगळा परत आला. मी डबा घेऊन पोचले तेव्हा मुकादम पुठ्ठ्यांची माळ जमिनीवर पसरून नंबर बघत होता. एका जागी थांबला. अण्णांना खाली वाकून बघायला लावलं. अण्णांनी बघितलं, गाठ बघितली, दोरीवरून बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. मुकादमाच्या हातात लूमचा धोटा होता, आडवा दोरा नेणारा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. त्यानं तो अण्णांच्या कानशिलावर मारला. अण्णा बसले. तो पुन्हा मारत गेला, तोंडावर, खांद्यावर, वाकल्यावर मानेवर. लूम चालूच होते. आवाज काही ऐकू येत नव्हता, फक्त त्याचा हात वर-खाली होताना दिसत होता आणि अण्णांच्या नाकातून रक्त येऊन त्या पिवळ्या पुठ्ठ्यांवर पडत होतं. दोन लूमवरची माणसं बघत होती, आणि त्यांचे हात दोरे जोडत होते. “किसने पैसा खिलाया, बोल! किस खातेवाले ने?” त्याला वाटत होतं, दुसऱ्या कुठल्या खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, मालकानं माल बिघडवायला अण्णांना फितवलं. “घर दिखा. चल, घर दिखा तेरा.”

मी पुढं पळाले नाही. पळाले असते तर पुठ्ठा लपवता आला असता. मी त्यांच्या मागं चालले, डबा दोन्ही हातांनी धरून.

तू शिलाईच्या मशीनजवळ बसून फ्रॉकच्या छातीवर टाके घालत होतीस. निळ्या डागांचा पुठ्ठा खाटेवर उघडा पडला होता. मुकादमानं तो उचलला, नंबर वाचला. “ये क्या है?”

मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी ते मिटलं.

“मी लिधं,” तू म्हणालीस. मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, “मैंने लिया. डब्बा देने गई तब. फ्राक के वास्ते.”

“फ्राक के वास्ते?” त्यानं फ्रॉक दोन बोटांनी उचलून बघितला. त्याला हसू आलं. तो दाराच्या चौकटीला टेकून हसला, मालकाचं केवढं नुकसान झालं ते सांगत हसला. मग हसणं थांबलं आणि तो अण्णांना म्हणाला, “इसका हाथ तोड. मेरे सामने. नहीं तो कल से तू नहीं, और इस पूरी लाइन में कोई खाता तुझे खड़ा नहीं करेगा.”

मोरीत धुणं बडवायला लूमची एक जुनी लाकडी दांडी होती. अण्णा ती घेऊन आले. त्यांच्या नाकातलं रक्त अजून वाहत होतं. तू फ्रॉक घडी करून बाजूला ठेवलास, त्याला डाग लागू नये म्हणून खाटेच्या पलीकडे. मग मशीनच्या फळीवर हात ठेवलास. पहिला फटका फळीवर बसला. फळी चिरली. “फिर से,” मुकादम म्हणाला. दुसरा बसला तेव्हाचा आवाज कोरडा होता. तू ओरडली नाहीस. तुझं तोंड उघडं होतं आणि त्यातून हवा येत होती. मुकादमानं पुठ्ठा तुझ्या अंगावर भिरकावला, डागांमुळे तो त्याच्या कामाचा राहिला नव्हता. जाताना दाराशी मला ओलांडून गेला.

मी तेव्हा काय करत होते ते सांगते. मी डबा उघडून बघत होते की भाजी सांडली की काय.

हाडवैद्यानं तुझ्या हाताला बांबूच्या पट्ट्या बांधल्या. बाईनं दिलेल्या मुदतीतले चार दिवस उरले होते आणि छातीवरचं अर्धं भरतकाम बाकी होतं. तू माझ्या हातात सुई दिलीस. माझ्या शेजारी बसलीस आणि डाव्या हातात ती मोजायची लाकडी पट्टी घेतलीस. टाका चुकला की पट्टी पाठीवर. तू बोलायची नाहीस. कुठं चुकलं ते मला मारावरून ओळखावं लागायचं. खांद्यावर बसली तर टाका वर गेला, कमरेवर बसली तर खाली. चौथ्या दिवशी पट्टी एकदाही आली नाही. मी मागं वळून बघितलं तर तू भिंतीला डोकं टेकून झोपली होतीस, पट्टी मांडीवर, आणि तुझा बांधलेला हात एखाद्या दुसऱ्याच माणसाचा असावा तसा शेजारी पडला होता.

बाईनं फ्रॉक आधी उलटा केला आणि आतून बघितला. बराच वेळ बघितला. “बे जणनुं काम छे,” दोघींचं काम आहे, ती म्हणाली. “अहीं सुधी एक, अने अहींथी बीजुं.” मग तुझ्या हाताच्या पट्ट्या बघितल्या, मग मला बघितलं. “नानीनो हाथ सारो छे,” धाकटीचा हात चांगला, एवढंच बोलली आणि पुढच्या सहा फ्रॉकचं कापड मोजायला घेतलं.

त्यानंतरची सगळी वर्षं तू ठिपके पाडत राहिलीस आणि मी टाके घालत राहिले. तुझं मनगट वाकडं जुळलं, सुई धरता येत नव्हती, पण निळीची चिंधी धरता यायची. तोच पुठ्ठा. त्याची भोकं मोठी झाली, कडा फाटल्या, तू मागून कापड चिकटवलंस. आपल्या लाइनीत तुला सगळे चोट्टी म्हणायचे. नळावर बायका भांडं आपल्याजवळ ओढून घ्यायच्या, गमतीनं, आणि तूही हसायचीस. अण्णा दारात आले की म्हणायचे, “चोट्टी, पानी दे.” तू पाणी द्यायचीस. शाळेतून येताना मी ते ऐकायचे आणि पाटी ठेवून सुई घ्यायचे. त्याच कामावर तू मला कॉलेजात पाठवलंस. हे सांगायची गरज नाही, तुला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणते की एकदाही, तू आजारी पडलीस तेव्हासुद्धा, तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालताना, मी ते म्हटलं नाही. तूही माझ्याकडे त्या नजरेनं पुन्हा कधी बघितलं नाहीस.

आज रविवार. नवरा हजीऱ्याला शिफ्टवर गेला होता, मुलगी खाली खेळायला. अण्णा गॅलरीत बसून पायाची नखं कापत होते. मी स्टूल घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसले, डाव्या कानानं त्यांना तेव्हापासून ऐकू येत नाही. म्हटलं, “अण्णा, पुठ्ठा मी घेतला होता.”

“कोनता पुठ्ठा?”

“मायनं नाही. मी.”

त्यांनी नखाचा तुकडा कठड्यावरून खाली टाकला. “माले माहीत शे.”

“कधीपासून?”

“तव्हयपासून.” आणि त्यांनी हातवारे करून मला समजावलं, जणू मी कामावर नवीन लागलेली पोर आहे. दोरीची गाठ त्यांनी जेवायला उठताना मारली होती. नवी दोरी जेवून आल्यावर लावली. नंबर तुटला होता तो बरोबर त्या गाठीपाशी, म्हणजे पुठ्ठा ते जेवायला उठले तेव्हाच गेला. मुकादमाला दोरीतलं काही कळत नव्हतं. त्यांना दिसलं. “आनि त्या दिनले डबा तू लयनी व्हती. पोट दाबी बठनी व्हती.”

म्हणजे धोट्याचा पहिला फटका बसायच्या आधी त्यांना माहीत होतं. तू हात फळीवर ठेवलास तेव्हा माहीत होतं. मी विचारलं, मग तिला का मारलंत. त्यांनी दुसरा पाय वर घेतला.

“पहिला तं मी फळीवरच मारा,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तुले मारतू तं तू मरी जाती. धाकली व्हती. तिन्ही हात ठेवा ना पुढं.”

हे तुला माहीत होतं का, माय? त्यांना माहीत आहे हे तुला माहीत होतं का? तुम्ही दोघं एका खोलीत राहिलात, एका ताटात जेवलात, भिंत हादरत होती, आणि हे एकमेकांशी बोललात का कधी? की बोलायची गरजच नव्हती? मला सांगायला आता कुणी नाही. अण्णांना विचारलं असतं, पण मला आधी दुसरं विचारायचं होतं. मी म्हटलं, “मग काल पोरीसमोर तिला चोर का म्हणालात?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना राग आला होता, जुन्या दिवसांतला, पण हात उचलायची ताकद आता त्यांच्यात नाही.

“मंग काय सांगू तिले? तुन्ही माय चोट्टी शे म्हनू?”

ते पुन्हा नखं कापायला लागले. जिन्यात पावलं वाजली, मुलगी वर आली, घामानं ओली, गुडघ्याला माती. तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मुलांना कळतं, कशाबद्दल बोलणं चाललं होतं ते.

“मम्मी, आजीनं काय चोरलं होतं?”

अण्णा कात्रीवरून नजर वर करेनात.

“एक पुठ्ठा,” मी म्हणाले.

“बस? पुठ्ठा?” तिला हसू फुटलं. ती वाकून, पोट धरून हसली.

मीही हसले, माय.